आधी माझे हात बघा

"हिना घरना चुल्हा कोन देखस वं?"

बोलणारी बाई माझ्या पाठीमागेच, दाराला टेकून उभी होती. मी तिच्या शेजारणीच्या खोलीत चुलीपुढे वाकून पिठाच्या डब्यात बघत होते. माझं डोकं डब्यात होतं म्हणून तिला वाटलं असेल की मला ऐकू जाणार नाही. किंवा ऐकू गेलं तरी कळणार नाही. इंग्रजी शाळेत शिकून आलेल्या मुलीला अहिराणी कुठून कळणार? मला सगळं कळलं होतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या मांडीवर बसून मी तीच भाषा आधी शिकले होते. हिच्या घरची चूल कोण बघतं गं? डब्यातून डोकं वर काढायला मी फार वेळ लावला. पीठ चांगलं होतं. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

बाहेर उंबऱ्याशी उभ्या असलेल्या साहेबांनीही ते ऐकलं. ते त्या बाईकडे वळून म्हणाले, "बरोबर विचारलंत हो बाई. त्यांच्या घरची कोणीच बघत नाही. अजून."

ती बाई पदर तोंडाला लावून हसली. मी डब्याचं झाकण लावलं, ते वाकडं बसलं, पुन्हा काढून लावलं.

साहेब म्हणजे आमच्या गावचे सॅनिटरी इन्स्पेक्टर. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत; पाठ वळली की हुंग्या. दूध असो, तूप असो, विहीर असो की भाड्यानं दिलेली खोली असो, ते आधी डोळे मिटून वास घेत आणि मग डोळे उघडून बघत. त्यांचा खाकी कोट गल्लीच्या तोंडाशी दिसला की पोरं ओरडत सुटायची, "हुंग्या उना! हुंग्या उना!" आणि हलवाई, खाटीक, सोडावाले लगबगीनं झाकणं शोधू लागायचे. साहेबांना त्याचा राग नव्हता. "माझ्यापुढे फुकटची दवंडी जाते," ते म्हणायचे. "मी पोचेपर्यंत तरी झाकलेलं असतं." एवढ्या नावाजलेल्या नाकाचं रूप मात्र अगदीच साधं होतं. बारीकसं, बसकं नाक. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हे ते नव्हेत.

भर दुपारी ते पेटता कंदील हातात घेऊन हिंडत. धुळ्याच्या उन्हात, जिथे डोळे उघडवत नाहीत, तिथे हा माणूस कंदील घेऊन रस्त्यानं चाललेला. लोक थांबून बघत. कारण विचाराल तर कारण होतं: धाब्याच्या घरांच्या आतल्या खोल्यांना खिडकी नसते आणि आत गेल्यावर कंदील पेटवायला घरच्यांकडे काडी मागायची नाही, असा त्यांचा नेम. पण रस्त्यावरच्यांना कारण दिसत नसे, कंदील दिसे. आणि कंदिलाच्या मागोमाग, मान खाली घातलेली, नऊवारीची सवय नसलेली, पाचवारीत अडखळत चाललेली मी.

मी त्यांच्याबरोबर का हिंडत होते, तेही सांगायला हवं. आदल्या पावसाळ्यात गावात पटकीची साथ येऊन गेली होती. पुरुष कामावर गेले की बायका परक्या पुरुषाला घरात घेत नसत, आणि चूल, माठ, बाळंतिणीची खोली, सगळं बघायचं ते तर घरातच. कोणीतरी बाईमाणूस सोबत हवं, असं ठरलं. आमचे वडील, नाना, तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते. त्यांची स्वतःची कापसाची जिनिंग होती, गावात शब्दाला वजन होतं. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, "आमची मुलगी जाईल. नाशिकला इंग्रजी शाळेत शिकलीय. आरोग्याचं पुस्तक तोंडपाठ आहे तिला."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते असंही नाही. मी काहीच म्हणाले नसते. बोर्डिंगात मराठी बोलायची मनाई होती आणि इंग्रजी चुकलं की मुली हसत, म्हणून मी गप्प राहायला शिकले. घरी परत आले तर माझं मराठी ऐकून घरचे हसत. तिथेही गप्प राहणं सोयीचं पडलं.

पहिल्या दिवशी साहेबांनी मला बघितलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "ताई, हा कुठला साबण?"

मी लाजेनं मेले. तो लव्हेंडरचा विलायती साबण होता. बोर्डिंगातली सवय, नाना माझ्यासाठी मुंबईहून मागवत. घरात तो मी एकटीच वापरायचे. आमची अक्का, म्हणजे नानांची थोरली बहीण, जिच्या हातात आमचं सगळं घर होतं, ती त्याला 'मडमेचा वास' म्हणायची.

"उद्यापासून तो लावू नका," साहेब म्हणाले. "माझं नाक चुकतं त्यानं."

त्यांची ती एकच गोष्ट मी ऐकली नाही. दिवसभर लोकांच्या चुली, मोऱ्या, गोठे हिंडल्यावर न्हाणीघराचं दार लावून तो साबण हातात घेतला की मला वाटायचं, आता मी माझी आहे. नानांनी ते न्हाणीघरही माझ्यासाठीच बांधून घेतलं होतं, परसात, सिमेंटचं, आतून कडी असलेलं.

साहेबांची खरी तऱ्हा मात्र कंदील किंवा नाक ही नव्हती. कोणाच्याही दाराशी गेलं की ते कंदील खाली ठेवत, दोन्ही हात पुढे करत, आधी पालथे, मग उताणे, बोटं पसरून, आणि म्हणत, "आधी माझे हात बघा."

लोक गोंधळत. काही हसत. "राहू द्या साहेब, तुमचे हात काय बघायचे!" पण समोरच्यानं नीट बघून "स्वच्छ आहेत" म्हटल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. एकदा एक म्हातारी आंधळी निघाली. तिनं त्यांची बोटं चाचपली, नखांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "एक नख वाढेल शे." साहेब तसेच मागे फिरले, वाटेतल्या न्हाव्याकडे नख काढून परत आले आणि पुन्हा हात पुढे केले. मी त्या सगळ्या वेळात तिच्या ओसरीवर उभी. शेजारपाजारच्या बायका मला विचारत होत्या, "कथा गया वं हुंग्या?" कुठे गेला ते सांगायचं म्हणजे नखाचं सांगावं लागलं असतं.

ते सगळ्यांना अहो म्हणत. झाडूवाल्याला अहो, त्याच्या बायकोला अहो, गवळ्याला अहो. गोठ्यात वाटेत म्हैस आडवी आली तर, "सरका हो जरा," असं तिलाही म्हणताना मी ऐकलंय. म्हैस सरकली नाही. साहेब थांबून राहिले.

आणि परतभेट. हा शब्द त्यांचाच. ज्याचं दुकान किंवा घर ते तपासत, त्याला निघताना सांगत, "आता रविवारी तुम्ही या. माझं घर तपासा." बहुतेकांना ती थट्टा वाटायची. पण कोणी ना कोणी खरंच जायचं, आणि गेलं की साहेब घरची सगळी झाकणं उघडून बाजूला उभे राहायचे. "दुसऱ्याचं झाकण उघडायचं तर आपलं आधी उघडं ठेवावं," असं ते म्हणत. त्यांच्या बायकोला या तत्त्वाचं कौतुक नव्हतं. मी एकदा निरोप घेऊन गेले तेव्हा त्या मला आत बोलावून म्हणाल्या, "आज कोण येणार आहे हो? मागच्या खेपेचा तो तेली माझ्या लोणच्याच्या बरणीत बोट घालून गेला. वर म्हणतो, मीठ कमी आहे!"

त्या दिवशी एक सोडावाला आला होता. अंगात नवा सदरा, डोक्याला तेल. साहेबांनी काही दिवसांपूर्वीच त्याच्या बाटल्या फोडायला लावल्या होत्या. तो आधी दारातच घुटमळला. मग माठापाशी गेला, खाली वाकला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. माठाच्या तळाशी शेवाळ होतं.

"साहेब," तो म्हणाला, "हाई काय शे?"

"शेवाळ," साहेब म्हणाले.

"आमच्याकडे असतं तर?"

"माठ फोडायला लावला असता."

सोडावाल्यानं माठ उचलला, अंगणात नेला आणि फोडला. साहेबांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, "चहा घेणार ना?" आणि सोडावाला तिथेच, खापऱ्यांच्या शेजारी, चहा प्यायला. मी भिंतीकडे बघत होते. एवढ्या वयाच्या, सरकारी कोट घालणाऱ्या माणसानं असं स्वतःचं हसं करून घ्यावं, याचीच मला लाज वाटत होती. त्यांना का वाटत नाही, ते कळत नव्हतं.

त्यांचं नाक नेहमी बरोबर असे असं मात्र नाही. बाजारातल्या एका हलवायाच्या दुकानात ते शिरले, डोळे मिटले आणि म्हणाले, "उंदीर मेलाय." हलवाई शपथा घेऊ लागला. साहेबांनी सगळी ताटं खाली काढायला लावली, फळ्या निघाल्या, साखरेची पोती रस्त्यावर आली. गर्दी जमली. उंदीर सापडेना आणि वास तर जाईना. शेवटी हलवायाचा म्हातारा बाप, जो इतका वेळ नुसता बसून होता, म्हणाला, "साहेब, तुमची छत्री उघडा बरं." छत्रीच्या घडीत पाल मरून वाळली होती.

गर्दी हसली ती इतकी की समोरचा कापडवाला गज टाकून बघायला आला. साहेबांनी छत्री झटकली, दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी. पेढे चांगले आहेत." मग स्वतः एकेक पोतं ढकलत आत न्यायला लागले. हलवाई त्यांच्या मागे, "अहो साहेब, राहू द्या, लोक बघताहेत!" मी तोपर्यंत दोन दुकानं पलीकडे जाऊन उभी राहिले होते, जणू त्यांच्याबरोबर आलेच नव्हते. परत जाताना ते वाटेत थांबले. रुमालातले शेंगदाणे आणि गूळ काढून, नेहमीप्रमाणे रस्त्याकडे पाठ करून, खाल्ले.

आता ते निवृत्त होऊन दोंडाईच्याकडे मुलाजवळ राहतात, असं ऐकलं. नाना अजूनही घरात त्यांचं नाव काढू देत नाहीत.

एका ठिकाणी मात्र त्यांचं नाक अजिबात चालत नसे. जिनिंगमध्ये. कापसाच्या दिवसांत तिथे हवेतच रुई तरंगत असते. यंत्रांसमोर ओळीनं बसलेल्या बायका कापूस भरत असतात, तोंडावर फडकी बांधलेली, भुवया आणि पापण्या पांढऱ्या, तिशीतली बाई साठीची दिसावी तशी. साहेब आवारात पाऊल टाकत आणि शिंकू लागत. शिंकून शिंकून डोळे लाल होत, नाक बंद. "इथं आमचं नाक संपावर जातं, ताई," ते म्हणायचे. खिशात निलगिरीच्या तेलाची बाटली असायची, तिचाही उपयोग नव्हता. ती जिनिंग नानांची होती. फडक्यांऐवजी बायकांना काहीतरी बरं द्यावं आणि वरच्या बाजूला झरोके पाडावेत, असं साहेबांनी नानांना सांगितलं होतं. नाना "बघू" म्हणाले होते. साहेबांनी पुन्हा सांगितलं नाही. इतरांशी बोलताना ताठ असणारे साहेब नानांसमोर कोटाचं वरचं बटण लावून उभे राहत.

जिनिंगच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची चाळ होती. तीही नानांचीच. हंगामाला खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका तिथे राहत. सुरुवातीला सांगितलेला पिठाचा डबा तिथलाच. आणि माझ्या मागे उभी राहून तो प्रश्न विचारणारी बाई म्हणजे बायजाबाई.

बायजाबाईचा नवरा सुरतेच्या गिरणीत गेला होता आणि तिकडेच राहिला. दोन मुली घेऊन ती चाळीत राहायची. जिनिंगमध्ये कामाला नव्हती. काम करणाऱ्या बायकांना ती भाकरी करून घालायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार. त्या भाकरीवर तिचं घर चालायचं आणि त्या भाकरीमुळेच ती खोली तिला मिळाली होती. चूल बंद झाली तर खोलीही जाणार, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. ती फटकळ होती. मी आले की म्हणायची, "उनी माय, गोड वासनी बाई उनी." मुली माझ्या पदराचा वास घ्यायला जवळ येत आणि ती त्यांना ओढून मागे घ्यायची.

शिमग्याच्या आसपास चाळीत पोटं बिघडू लागली. आधी एक बाई, मग आणखी काही. एकीला दवाखान्यात न्यावं लागलं. जिनिंगची यंत्रं रिकामी राहू लागली. नाना जेवताना म्हणाले, "त्या भाकरीवालीच्या हातचं खाऊन पडताहेत सगळ्या. इन्स्पेक्टरला सांगितलंय, चूल बंद कर म्हणून."

साहेब दुसऱ्या दिवशी मला घेऊन तिच्या खोलीवर गेले. शिंका सुरू झाल्याच होत्या. दाराशी त्यांनी हात पुढे केले. बायजाबाईनं बघितले. "धोयेल शेतस. या."

पीठ बघितलं. ठेचा बघितला. परात उन्हात वाळत होती, फडकी उकळून दोरीवर टाकलेली. साहेबांनी कंदील कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवला. काही नव्हतं. मग त्यांनी माठावरचं झाकण काढलं, डोळे मिटले, आणि पुन्हा शिंकले.

"पाणी कुठलं?"

"कुठलं म्हंजे? चाळनी विहीरनं."

विहीर चाळीच्या टोकाला होती. तिच्या एका अंगाला कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे आमचं परस. साहेबांनी बादली सोडली, वर ओढली, ओंजळ भरून नाकाशी नेली. डोळे मिटून दोनदा हुंगून पाहिलं. मग ओंजळ रिकामी केली.

"मला आज कसला वास येत नाही," ते म्हणाले. "ताई, आज तुमचं नाक द्या."

मी ओंजळीत पाणी घेतलं. पाणी स्वच्छ दिसत होतं, थंड होतं. मी नाकाशी नेलं.

अगदी पुसट होता. पण मला चुकणं शक्य नव्हतं. न्हाणीघराचं दार लावल्यावर जो वास यायचा, तोच. लव्हेंडरचा.

त्या एका ओंजळीत सगळंच आलं. आमच्या नव्या न्हाणीघराचं पाणी पुढच्या गटाराला जोडलेलं नव्हतं. भिंतीलगत खड्डा खणून त्यात सोडलं होतं. धाकट्या भावाला तेव्हा बरेच दिवस हगवण लागली होती आणि अक्का त्याची अंथरुणं, त्याचे कपडे त्याच मोरीत धूत होती. आरोग्याच्या पुस्तकात खड्डा आणि विहीर यांचं चित्र होतं. परीक्षेत मी ते काढलं होतं, निळ्या शाईनं, नीट रेघा मारून.

"काय येतंय?" साहेबांनी विचारलं.

बायजाबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या मुली बघत होत्या. मी ओंजळ सोडली आणि मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं. पाणी माझ्या पायांवर पडलं.

"बरं," साहेब म्हणाले. मग ते त्या कुंपणाच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवरून आमच्या न्हाणीघराची कौलं दिसत होती. त्यांना काय वाटलं, मला माहीत नाही. कोटाचं वरचं बटण त्यांनी लावलं, एवढं मी पाहिलं.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "नाना..."

"काय?"

"मीठ," मी म्हटलं. मीठ माझ्या पुढ्यातच होतं. अक्कानं ते उचलून पुन्हा माझ्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

सकाळी साहेब पुन्हा चाळीत गेले, मी त्यांच्या मागे. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केले नाहीत. दाराबाहेरूनच म्हणाले, "बाई, तुमची चूल सध्या बंद ठेवावी लागेल. वरून सांगितलंय."

"माल खराब शे का मना?"

"नाही."

"हात?"

"नाहीत हो."

"मंग?"

साहेब कंदिलाची वात वरखाली करत होते. एवढ्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच दुसऱ्याच्या नजरेला नजर न देताना पाहिलं. मला त्यांचा राग आला, आणि लगेच कळलं की हा राग त्यांच्यावरचा नाही.

बायजाबाईनं पदर खोचला. "करा बंद," ती म्हणाली. "पन तुम्हना नियम शे ना? सोडावालानी तुम्हना माठ फोडा, बठ्ठा गावले माहीत शे. आम्हना चुल्हा देखी लिधा, आते हाई ताईना दखाडा. मंग बंद करा."

आजूबाजूच्या दारांतून बायका बाहेर आल्या. "हां, दखाडा," कोणीतरी म्हणालं. कोणीतरी हसलं.

साहेब माझ्याकडे वळले नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाले, "नियम आहे." मग अगदी हळू, "पण घर माझं नाही. त्या घरचं कोणी या म्हणालं तरच."

असे आम्ही आमच्या दाराशी आलो. पुढे दिवसाउजेडी कंदील घेतलेले साहेब, मागे बायजाबाई, तिच्या मागे चार बायका आणि पोरांचा घोळका. सगळ्यात शेवटी, स्वतःच्याच घरी पाहुणी आल्यासारखी, मी. अक्का उंबऱ्यात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"हे काय? कुठे निघालात?"

"परतभेट आहे, अक्का," साहेब म्हणाले.

"कसली भेट? यांच्यातली कोणी कधी माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलीय का?"

आतून नाना आले. गळ्यात रुमाल, हातात वर्तमानपत्र. त्यांनी बायकांकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं. "माझ्या घराची तपासणी? कोणाच्या हुकमानं?"

"हुकूम नाही, साहेब," साहेब म्हणाले. साहेबच त्यांना साहेब म्हणत होते. "नुसतं कोणी या म्हणालं तर. नाही तर आम्ही जातो."

"मग जा."

साहेबांनी मान डोलवली. कंदील उचलला. उचलताना तो पायरीवर आपटला आणि काच वाजली. पोरं हसली. त्या माणसाचं इतके महिने हसं होताना मी पाहिलं होतं, दोन दुकानं पलीकडे उभी राहून. आज पलीकडे उभं राहायला जागा नव्हती.

"चला वं बाया," बायजाबाई म्हणाली. "मोठा घरना चुल्हाले पडदा ऱ्हास."

पण ती गेली नाही. ती माझ्याकडे वळली. मी जिथे उभी होते, घराच्या बाहेर, सगळ्यांच्या मागे, तिथे ती आली, आणि साहेब करत तसे तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. आधी पालथे, मग उताणे, बोटं पसरून. तळव्यांवर भाजल्याचे जुने डाग होते, रेघांत पीठ अडकलेलं.

"देख, ताई," ती म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "हात धोयेल शेतस."

मी बघितले. पालथे बघितले, उताणे बघितले. साहेब थांबले होते. नाना म्हणाले, "तू आत ये गं." अक्काचे हात चौकटीवर तसेच होते. मी तिच्या हाताखालून वाकून आत गेले, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिले आणि बाहेर वळले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका तो मोठा होता.

"या, बायजाबाई, आत या. चूल मग बघा, आधी मोरी बघा. तुमच्या विहिरीच्या पाण्याला माझ्या साबणाचा वास येतोय."